फ्लॅशच्या आधी ट्रिगर बघ

*ताई, मी कळव्याला राहते. आठवडाभर अकाउंट्सची नोकरी आणि शनिवार-रविवार फोटोची कामं करते: बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस, क्वचित एखादा साखरपुडा. कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि एक ५० एमएम एफ/१.८ लेन्स. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने चेहरे चपटे येतात आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. पंधरा-सोळा हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो, कंपनीचाच टीटीएल (उजेड मोजून ताकद आपोआप ठरवणारा) फ्लॅश घ्या, मॅन्युअल (ताकद हाताने लावायचा) तुम्हाला झेपणार नाही. मित्र म्हणतो, त्या पैशात दोन चिनी मॅन्युअल येतील. त्याचा योंगनुओ ५६० माझ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिला, तर पेटलाच नाही. त्याच्या कॅमेऱ्यावर नीट चालतो. माझा कॅमेरा बिघडलाय का? बाबांच्या मित्राने एक जुना व्हिविटार २८३ पण दिलाय, तो वापरता येईल का? पुढच्या महिन्यात मोठ्या घरचं बारसं आहे.*
*— एक वाचक, कळवा*

कॅमेरा ठणठणीत आहे, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारू नकोस. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची पट्टी असते ना, हॉट शू, ती उजेडात नीट बघ. तिच्यात बारीक पितळी ठिपके दिसतील. आता मित्राचा कॅमेरा शेजारी ठेव. त्याच्या पट्टीच्या मधोमध एक मोठा ठिपका असेल, तुझ्याकडे तिथे नुसतं काळं प्लास्टिक आहे. त्या मधल्या ठिपक्यातूनच कॅमेरा फ्लॅशला ‘पेट’ म्हणून सांगतो, आणि हा संकेत जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा एकच असतो. म्हणून तर कुठलाही साधा फ्लॅश जवळजवळ कुठल्याही कॅमेऱ्यावर पेटायचा. कॅननने २००डी मार्क टूमध्ये तो ठिपकाच काढून टाकला. त्यामुळे तुझा कॅमेरा फक्त बारीक ठिपक्यांतून, कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. साध्या मॅन्युअल फ्लॅशला ती भाषा येत नाही, तो गप्प बसतो. ग्राहकाला खोक्यावर हे कुणी ठळक छापून सांगत नाही, याचा मला अजून राग येतो. पण ते असो.

मित्राचा फ्लॅश परत देण्याआधी एक गंमत करून बघ. त्याला टेबलावर उभा कर, बटण दाबत दाबत स्क्रीनवर ‘एस२’ आण, खोलीतले दिवे थोडे मंद कर आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडून फोटो काढ. टेबलावरचा पेटेल. या मोडमध्ये त्याच्या अंगावरचं सेन्सर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून आपला फ्लॅश सोडतं. एस१ पहिल्याच लखलखाटाला पेटतो. एस२ कॅमेऱ्याने अंदाजासाठी आधी मारलेला बारका फ्लॅश सोडून देतो आणि खऱ्याला पेटतो. तुला एस२ लागेल. फुकटात सराव करायला हे झकास आहे. कामावर मात्र यावर विसंबू नकोस: उन्हात सेन्सरला दिसत नाही, आणि कार्यक्रमात दुसऱ्या कुणी फ्लॅश मारला की तुझाही पेटतो, तू बटण दाबलेलं नसताना.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे. टीटीएल वाईट नाही. वरातीत, नाचात, जिथे तू आणि समोरचा माणूस दोघंही हलताय, तिथे तोच हवा, कारण दर फोटोला तो अंतराचा आणि उजेडाचा हिशोब नव्याने करतो. पण हा नवा हिशोबच कधीकधी नडतो. पांढऱ्या झब्ब्यातले आजोबा आले की तो घाबरून उजेड कमी करतो, काळ्या कोटातला जावई आला की सढळ हाताने ओततो. आल्बम करायला बसलीस की प्रत्येक फोटो वेगळा सारखा करत बस. मॅन्युअल फ्लॅश एका जागी ठेवून १/४ वर लावला, की तो रात्रीपर्यंत १/४ च देतो. पहिला फोटो जमला की त्या जागेवरचे बाकीचेही जमतात. ‘झेपणार नाही’ म्हणण्यासारखं यात काही नाही. तू अकाउंट्स करतेस, हा हिशोब तर दुप्पट आणि निम्म्याचाच आहे: १/१, १/२, १/४ असं १/१२८ पर्यंत, प्रत्येक पायरीला उजेड निम्मा.

मित्राचंही अर्धंच बरोबर आहे. मॅन्युअल घे, पण दोन नको, एकच. उरलेल्या पैशांचा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून दूरचा फ्लॅश पेटवणारी डबी), स्टँड, उजेड मऊ करणारी छत्री आणि सेल. नवशिके दोन-दोन फ्लॅश घेऊन बसतात आणि ते उभे कशावर करायचे, पेटवायचे कसे, याला पैसे उरत नाहीत. शेवटी एक फ्लॅश पिशवीत आणि दुसरा टीव्हीच्या टेबलावर डिंकाच्या डब्याला टेकवलेला. एका फ्लॅशने काय काय होतं हे कळल्याशिवाय दुसऱ्याची गरज नेमकी कुठे आहे तेही कळत नाही.

तुझ्या बाबतीत खरेदीची सुरुवातच ट्रिगरपासून करायची. तुझ्या कॅमेऱ्यावर बसणारी एकच गोष्ट ती असणार आहे, आणि कॅननची भाषा तिलाच यायला हवी. गोडॉक्सचा एक्स२टी ट्रिगर कॅननसाठीचा, म्हणजे नावाच्या शेवटी ‘सी’ असलेला, घे. तो बारीक ठिपक्यांतून संकेत उचलतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओने फ्लॅशला कळवतो. जुना एक्स१टी कुणी स्वस्तात देत असेल तर त्याला फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालंय का ते विचार, नाहीतर तोही तुझ्या कॅमेऱ्यावर मुका राहील. आणि काहीही घे, पैसे मोजण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून दुकानातच चार फोटो काढ. ‘कॅननला चालतो’ हे दुकानदाराचं वाक्य तुझ्या मॉडेलसाठी पुरेसं नाही.

फ्लॅश म्हणशील तर गोडॉक्सचा टीटी६००. रेडिओ रिसीव्हर त्याच्या पोटातच आहे, वेगळी डबी लटकवावी लागत नाही. योंगनुओ ५६० ची तिसरी आणि चौथी आवृत्तीही चांगली, तिच्यातही रिसीव्हर आहे, आणि मित्राकडे तोच असल्याने उसना मिळेल हा मोह मला समजतो. पण दोन्ही कंपन्यांचे रेडिओ एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे एक घर निवडावं लागतं. गोडॉक्सकडे झुकते ती पुढच्या सोयीसाठी. उद्या तुला डोक्यावर लावायला टीटीएल फ्लॅश हवा झाला किंवा उन्हाशी झुंजायला एडी२०० सारखा मोठा लाईट परवडला, तर तोच ट्रिगर सगळ्यांना चालवतो. कॅमेरा बदलून सोनी किंवा निकॉन घेतलास तर फक्त ट्रिगर बदलायचा, फ्लॅश तेच. डिजिटेक, सिम्पेक्स अशा नावांचे आणखी स्वस्त फ्लॅश दुकानात दिसतील. पेटतात तेही. पण ट्रिगरवरून ताकद कमी-जास्त करता येते का, हे विचार. येत नसेल तर दर वेळी स्टँडपाशी जाऊन, पाहुण्यांच्या मधून वाट काढत, बटणं दाबावी लागतील. छत्री लावून सात फुटांवर चढवलेल्या फ्लॅशचं बटण दाबणं म्हणजे काय ते एकदा केल्यावर कळतं.

खोक्यावरच्या गाईड नंबरला भुलू नकोस. हा आकडा म्हणजे आयएसओ १०० ला फ्लॅशपासूनचं अंतर मीटरमध्ये गुणिले अपर्चर. नंबर ३६ असेल तर तीन मीटरवर एफ/१२, साडेचार मीटरवर एफ/८. इथवर सरळ आहे. गोम अशी की फ्लॅशच्या डोक्यातलं झूम जितकं आवळशील तितका झोत अरुंद आणि आकडा मोठा होतो, आणि प्रत्येक कंपनी आपल्याला शोभेल त्या झूमचा आकडा छापते. टीटी६०० वर ६० लिहिलंय, ते २०० एमएम झूमला. योंगनुओवर ५८, ते १०५ ला. वाचणाऱ्याला वाटतं पहिला जास्त ताकदीचा. कॅननच्या ६००ईएक्सचा तक्ता बघ: त्याच एका फ्लॅशचा आकडा २०० ला ६०, १०५ ला ५८, ३५ ला ३६ आणि २४ ला २८ आहे. म्हणजे वरचे दोन्ही चिनी फ्लॅश एकाच वजनी गटातले. कॅननच्या ४३०ईएक्सचं तर नावच त्याचा आकडा सांगतं, १०५ ला ४३. तुलना करायची तर एकाच झूमची कर. घरातल्या कामात तू २४ ते ३५ च्याच आसपास असणार.

पैशांचा अंदाज देते, भाव खालीवर होत असतात. फ्लॅश सहा हजारांच्या आसपास, ट्रिगर पाच. उरलेल्यात सात फुटी स्टँड, ४३ इंची पांढरी आरपार छत्री आणि फ्लॅश-छत्री दोन्ही धरणारा ब्रॅकेट बसतो. ब्रॅकेट गोडॉक्सचा एस टाईप घे, तो फ्लॅशला मानेभोवती धरतो. फ्लॅशच्या पायावर सगळा भार टाकणारे प्लास्टिकचे स्वस्त ब्रॅकेट येतात, त्यात पाय मोडतो. छत्री काळ्या कव्हरची मिळाली तर उत्तम, कव्हर काढलं की आरपार, घातलं की परावर्तित.

सेलवर कंजुषी नको. रिमोटमधले अल्कलाईन सेल दीड व्होल्टचे आणि रिचार्जेबल निकेलवाले १.२ व्होल्टचे, म्हणून अल्कलाईन बरे असं वाटतं. पण फ्लॅशला दोन फोटोंच्या मध्ये झपकन करंट ओढायचा असतो आणि तो निकेलवाले देतात. एनेलूपसारखे २००० एमएएचचे चांगले आठ सेल आणि प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घे. चार-चारच्या जोड्यांवर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिही. एका जोडीतला सेल दुसरीत गेला की सगळ्यात दमलेला सेल बाकी तिघांना खाली ओढतो.

आता बारसं, कारण पत्रातली खरी घाई तीच आहे.

घराच्या हॉलमध्ये पाळणा मध्यभागी, भोवती बायका, गोविंद घ्या-गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरतंय. इथे छत्रीला जागा नाही आणि कुणाचा तरी पदर स्टँडला अडकणारच. छत्री गाडीत ठेव. स्टँड खोलीच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, पाय जेमतेम उघडून उभा कर. जागा नसेल तर फ्लॅशसोबत आलेल्या छोट्या बैठकीवर तो कपाटाच्या माथ्यावर ठेव. तोंड माणसांकडे नाही, वर, जिथे छत आणि दोन भिंती मिळतात त्या बाजूला. झूम २४. छत पांढरं असेल तर सगळा कोपराच मोठा दिवा होतो, खिडकीतून यावा तसा मऊ उजेड एका बाजूने येतो आणि भिंतीवरची काळी सावली जाते. कॅमेरा मॅन्युअलवर: आयएसओ ८००, एफ/५.६, शटर १/१६०. फ्लॅश १/४ वर. फोटो काळपट आला तर १/२, फार उजळ आला तर १/८, हे सगळं हातातल्या ट्रिगरवरून. एकदा बसलं की तू खोलीभर फीर, उजेड बदलत नाही. फ्लॅशच्या कोपऱ्याकडे पाठ ठेवून काढलेला फोटो सपाट येईल, त्या कोपऱ्याच्या काटकोनात उभी राहिलीस तर चेहऱ्याला उठाव येईल.

फॅनकडे लक्ष दे. हे कुणी सांगत नाही. छताचा पंखा चालू असेल आणि फ्लॅशचा झोत त्यातून गेला, तर फ्लॅश इतका क्षणिक असतो की पातं जिथल्या तिथे गोठतं आणि त्याची सावली छतावर पडते. एका फोटोत उजेड बरोबर, पुढच्यात अर्ध्या खोलीवर पडदा. झोत पंख्यापासून दूर वळव. पंखा बंद करायला सांगू नकोस, ठाण्याच्या उकाड्यात तुला पुन्हा बोलावणार नाहीत.

शटर १/२०० च्या वर नेऊ नकोस, ती तुझ्या कॅमेऱ्याची फ्लॅशबरोबरची मर्यादा. वर गेलीस की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. त्या मर्यादेच्या आत मात्र एक सोपी विभागणी आहे: खोलीचा स्वतःचा उजेड शटरने कमी-जास्त होतो, फ्लॅशचा होत नाही, कारण फ्लॅश शटर उघडं असताना येऊन केव्हाच गेलेला असतो. मागच्या दिव्यांच्या माळा अजून उजळ हव्यात? शटर १/६० कर, फ्लॅशला हात लावू नकोस. अपर्चर आणि आयएसओ दोघांनाही सारखेच हलवतात. हे बोटांत बसलं की मॅन्युअल फ्लॅश आला.

घरातले दिवे पिवळट असतील तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पत्रा) लाव आणि व्हाईट बॅलन्स त्याप्रमाणे ठेव. अर्ध्या ताकदीचं जेल बहुतेक घरांना पुरतं. जांभळ्या एलईडीच्या भिंतीवाल्या हॉलला काहीच इलाज नाही. फोटो जांभळाच येईल आणि पाहुण्यांना तोच आवडेल. स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटीन कागद रंगीत खेळ करायला ठीक, चेहऱ्यावर नको.

एक्स२टीच्या दोन खोडी सांगून ठेवते. ट्रिगरवर ग्रुप ए (तुझा फ्लॅश ज्या गटात असेल तो) ‘एम’ म्हणजे मॅन्युअलवर ठेव. टीटीएलवर राहिला तर टीटी६०० ला त्यातलं काही कळत नाही. आणि फ्लॅश अगदी जवळ, हातभर अंतरावर असताना कधीकधी पेटत नाही, खाद्यपदार्थांचे किंवा दागिन्यांचे फोटो काढताना हे होतं. ट्रिगरच्या मेनूत अंतराची निवड आहे: १ ते १०० मीटर आणि ० ते ३० मीटर. दुसरी निवड. गर्दीच्या हॉलमध्ये दुसरा गोडॉक्सवाला असला तर चॅनल बदल, बत्तीस आहेत.

बाहेरच्या कामांबद्दल थोडक्यात. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठी भर दुपारी छत्रीतून या फ्लॅशने उन्हावर मात होत नाही. आयएसओ १०० आणि १/२०० ला ऊन एफ/११ मागतं. छत्रीत दोन स्टॉपच्या आसपास उजेड खर्च होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे तीन मीटरवर हातात एफ/५.६ च्या आसपासच उरतं. छत्री मीटर-दीड मीटरवर आणलीस तर एका माणसापुरतं जमतं. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, हा नियम फुकटचा मोठा फ्लॅश आहे. हाय स्पीड सिंक, म्हणजे १/२०० च्या वरच्या शटरलाही फ्लॅश चालवणं, टीटी६०० रेडिओवर करतो, पण त्यात ताकद बरीच जाते, त्यावर भरवसा ठेवून दुपार ठरवू नकोस. संध्याकाळी सहानंतर जा. आणि तळ्याकाठी स्टँड एकटा सोडू नकोस, छत्री म्हणजे शीड. धरायला भाऊ-बहीण कुणीतरी ने.

व्हिविटार २८३ शोकेसमध्ये ठेव. सुंदर वस्तू आहे. पण त्या मालिकेतल्या काही जुन्या फ्लॅशच्या पायावर २०० व्होल्टच्या वर दाब मोजला गेलाय, आणि आजच्या कॅमेऱ्याचं किंवा ट्रिगरचं नाजूक सर्किट तेवढ्यासाठी बनलेलं नाही. तुझ्या कॅमेऱ्यावर तो मधल्या ठिपक्याअभावी पेटणार नाहीच, पण मित्राच्या कॅमेऱ्यावर प्रयोग करू नका. उघडूनही बघू नकोस, कुठल्याही फ्लॅशच्या आत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात.

खरेदीला ठाण्यातच हिंडलीस तरी चालेल, पण सुट्टी असेल तर कळव्याहून स्लो पकडून सीएसएमटीला उतर आणि फोर्टच्या बोरा बाजारात जा. फोटोच्या सामानाची दुकानं एका गल्लीत असल्याने भाव तिथल्या तिथे ताडता येतो. रविवारी जाऊ नकोस, बरीच बंद असतात. ‘बिल हवं की बिनबिलाचं?’ असं विचारलं तर बिलाचं सांग. बिनबिलाच्या फ्लॅशला वॉरंटी कोण देणार? खोकं उघडून फ्लॅश १/१ वर दहा-बारा वेळा मार, दर वेळी रेडीचा दिवा किती वेळाने लागतो ते बघ, ताज्या सेलवर तीन सेकंदांच्या आत लागायला हवा. डोकं वर-खाली आणि गोल फिरवून बघ, सैल नको.

बारशाच्या दोन-तीन दिवस आधी त्या घरी चहाला म्हणून जा आणि छत बघून ये. पीओपीचं पांढरं असेल तर वरचं सगळं लागू. मोठ्या घरी हल्ली लाकडी फॉल्स सीलिंग असतं. तसं असेल तर छतावर उजेड मारून फोटो पिवळे येतील, मग पांढरी भिंत शोध आणि फ्लॅशचं तोंड तिच्याकडे कर. तीही नसली तर छत्री गाडीतून वर आण आणि पदर अडकणार नाही अशी जागा यजमानीणबाईंकडूनच मागून घे.